जिन्नस बदलताना

पाककृतीतला एखादा जिन्नस घरात नसतो, कुणाला सोसत नाही, परवडत नाही किंवा उपवासाला चालत नाही. अशा वेळी त्याच्या जागी दुसरा घालावा लागतो. हा बदल फक्त चवीचा आहे असे बहुधा धरले जाते: आंबटाऐवजी दुसरे आंबट, गोडाऐवजी दुसरे गोड. पण पदार्थात पडलेला जिन्नस चव देऊन थांबत नाही. केकमधली साखर गोडी आणते, तसाच ओलावाही धरून ठेवते, वरचा पापुद्रा तांबूस करते आणि आतला पोत मऊ राखते. कढीतले बेसन दाटपणा देते आणि दही फुटू देत नाही. म्हणून जिन्नस बदलण्याआधी एकच गोष्ट नीट पाहावी लागते: तो या पदार्थात कोणकोणती कामे करतो? ती सगळी कामे एकट्या बदली जिनसाला जमत नसतील, तर ती दोन-तीन जिनसांत वाटून द्यावी लागतात.

मराठी स्वयंपाकघरात सर्वांत जास्त अदलाबदल होते ती आंबटाची. चिंच, आमसूल, लिंबू, कैरी, आमचूर, दही, ताक, टोमॅटो, आणि कोकण-गोव्यात बिंबल, अशी मोठी यादी हाताशी असते. प्रत्येकातले आम्ल मात्र वेगळे. चिंचेत प्रामुख्याने टार्टारिक आम्ल असते, लिंबात सायट्रिक, दह्यात लॅक्टिक, व्हिनेगरमध्ये अ‍ॅसिटिक, तर आमसुलात हायड्रॉक्सिसायट्रिक. चिंचेचा कोळ कितीही वेळ उकळला तरी त्याचा आंबटपणा टिकतो, उलट गुळाशी त्याची चव चांगली मुरते, म्हणून चिंचगुळाची आमटी रटरटू देतात. लिंबाचा आंबटपणाही उकळून उडत नाही, पण त्याचा खरा गुण म्हणजे सुगंध, आणि तो उष्णतेने जातो. त्यामुळे आमटीत चिंचेऐवजी लिंबू वापरायचे तर गॅस बंद केल्यावरच पिळावे. चिंचेसारखा दाटपणा आणि तपकिरी रंग त्यातून येत नाही. तो हवा असेल तर किंचित जास्त गूळ आणि थोडे वाटण लागते.

आमसुलाची गोष्ट आणखी निराळी आहे. ते हळूहळू उतरते, गरम रसात पाच-दहा मिनिटे राहिले तरच आपला आंबटपणा सोडते. शिवाय त्याचा जांभळट लाल रंग हाही पदार्थाचा भाग असतो. सोलकढीत आमसुलाऐवजी लिंबू घातले तर आंबट नारळाचे दूध मिळेल, सोलकढी मिळणार नाही. माशाच्या आमटीत मात्र आमसुलाच्या जागी चिंच, कैरी किंवा बिंबल चालते. तिथे आंबटाचे मुख्य काम माशाचा उग्रपणा कमी करणे आणि खोबऱ्याच्या स्निग्धपणाला तोल देणे हे आहे, आणि ते यांतल्या कुठल्याही आंबटाने होते. ऋतूप्रमाणे कोकणातल्या घरांत ही अदलाबदल पूर्वीपासून चालत आलेली आहे.

आंबट कोणतेही असो, ते कधी घालायचे याला महत्त्व आहे. आम्लामुळे डाळी आणि कडधान्ये शिजायला वेळ लागतो, कारण पेशींना चिकटवून ठेवणारे पेक्टिन आम्लात सहज विरघळत नाही. म्हणून डाळ मऊ शिजल्यावर चिंच किंवा आमसूल घालतात. आमसुलाऐवजी टोमॅटो वापरायचा ठरवून तो डाळीबरोबरच कुकरमध्ये टाकला, तर तीच डाळ कधी कधी कणीदार राहते, आणि दोष डाळीला दिला जातो.

गोव्याच्या स्वयंपाकात अशी अदलाबदल पिढ्यान्‌पिढ्या रुळून तिचेच नवे पदार्थ झाले. पोर्तुगिजांचा वाइन आणि लसूण घालून मुरवलेल्या मांसाचा प्रकार गोव्यात आला, तेव्हा द्राक्षाच्या वाइनची जागा माडाच्या सुरेपासून केलेल्या व्हिनेगरने घेतली आणि विंदालू तयार झाले. पावाचेही तसेच. यीस्ट सहज मिळत नसे त्या काळात गोव्यातले पोदेर, म्हणजे पाव भाजणारे, ताज्या सुरेने पीठ फुगवत. सुरेत यीस्ट नैसर्गिकपणेच वाढत असते, म्हणजे जिन्नस बदलला तरी काम करणारा सूक्ष्मजीव त्याच जातकुळीचा राहिला. असा बदल यशस्वी होतो. यीस्टऐवजी बेकिंग पावडर घातलेला पाव मात्र फुगला तरी पाव होत नाही. पिठात तासन्‌तास चालणाऱ्या आंबण्यातून जी चव आणि जी लवचीक जाळी तयार होते, तिची उणीव रासायनिक फुगवणीतून भरून निघत नाही.

पर्यायी जिनसांचा सर्वांत विचारपूर्वक उभा राहिलेला संसार म्हणजे उपवासाचा स्वयंपाक. गहू, तांदूळ, ज्वारी, डाळी सगळे वर्ज्य झाल्यावर जेवणाचा आराखडा तोच ठेवायचा आणि प्रत्येक जागी दुसरा जिन्नस बसवायचा, हे काम मराठी घरांनी फार कौशल्याने केले आहे. भाताच्या जागी वरीचे तांदूळ, डाळीच्या आमटीच्या जागी दाण्याची आमटी, चण्याच्या पिठाच्या जागी शिंगाड्याचे किंवा राजगिऱ्याचे पीठ, मिठाच्या जागी सैंधव. दाण्याच्या आमटीकडे नीट पाहिले तर लक्षात येते की शेंगदाण्याच्या कुटाने डाळीची दोन्ही कामे उचलली आहेत: रस दाट केला आणि प्रथिनेही दिली. आमसूल आणि गूळ नेहमीसारखेच राहिले, फोडणीत तेलाऐवजी तूप आणि मोहरीऐवजी जिरे आले. उपवासाला चालणारे शेंगदाणा, बटाटा, मिरची हे तिन्ही मूळचे अमेरिका खंडातले. साबुदाणासुद्धा मुळात आग्नेय आशियातल्या साबू ताडाच्या खोडातल्या पिठाचा. भारतात तो टॅपिओकाच्या कंदापासून करतात, आणि तमिळनाडूतला सेलम परिसर त्यासाठी प्रसिद्ध आहे. म्हणजे उपवासाला पर्याय म्हणून वापरला जाणारा साबुदाणा स्वतःही एक पर्यायच आहे.

दाटपणासाठी वापरली जाणारी पिठे एकमेकांच्या जागी घालता येतात, पण सरळ मापाला माप नाही. कॉर्नफ्लोअर जवळजवळ शुद्ध स्टार्च असते, तर मैद्यात प्रथिनेही असतात. म्हणून एक चमचा कॉर्नफ्लोअरच्या जागी साधारण दोन चमचे मैदा लागतो. मैद्याचा रस धुरकट दिसतो आणि कच्ची चव जाईपर्यंत त्याला शिजवावेही लागते. तांदळाचे पीठ या दोन्हींच्या मध्ये बसते. कढीत बेसन संपले असेल तर तांदळाचे पीठ दही फुटण्यापासून वाचवते, मात्र बेसनाची खमंग चव त्यातून येत नाही. आंबट रसात कॉर्नफ्लोअर बराच वेळ उकळले तर ते पुन्हा पातळ होते. सूप किंवा सॉस दाट झाल्यावर शेवटी आंबट घालण्यामागे हेच कारण आहे.

साखर आणि गूळ यांची अदलाबदलही आज खूप होते, आणि सर्वाधिक गैरसमज तिथेच आहेत. गुळात सुक्रोजबरोबर ग्लुकोज-फ्रुक्टोज, थोडे पाणी, क्षार आणि आम्लेही असतात. त्यामुळे उकळत्या दुधात गूळ घातला की दूध नासण्याचा धोका असतो. खीर गॅसवरून उतरवून थोडी निवल्यावर त्यात गूळ घालण्याची पद्धत म्हणूनच आहे. नारळाच्या दुधात गायी-म्हशीच्या दुधातले केसिन नसते, त्यामुळे तिथे ही अडचण येत नाही. कोकणातल्या शिरवळ्यांच्या रसात नारळाचे दूध आणि गूळ सुखाने नांदतात ते यामुळेच. गूळ हवेतला ओलावा ओढतो, म्हणून गुळाची बिस्किटे साखरेच्या बिस्किटांइतकी कुरकुरीत राहत नाहीत. केकला मात्र हाच गुण उपयोगी पडतो, तो दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो. गूळ चिरून किंवा थोड्या कोमट पाण्यात विरघळवून घ्यावा, तेवढे पाणी कृतीतून वजा करावे आणि चिमूटभर खायचा सोडा घालून आम्लाचा तोल साधावा.

एक गूळ दुसऱ्या गुळाची जागा घेतोच असेही नाही. चिक्कीचा गूळ चिवट पाकासाठी असतो, तिळाच्या वड्यांना तो हवाच. तोच गूळ गुळाच्या पोळीत घातला तर सारण निवल्यावर घट्ट होते आणि पोळी दाताखाली ओढली जाते. तिथे साधा मऊ गूळच योग्य.

मधात सुमारे पाचवा हिस्सा पाणी असते आणि तो साखरेपेक्षा गोड लागतो. एक कप साखरेच्या जागी पाऊण कप मध पुरतो, कृतीतला द्रव पाव कपाने कमी करावा लागतो, आणि मध लवकर काळवंडतो म्हणून ओव्हनचे तापमान 10 ते 15 अंशांनी उतरवावे लागते. कृत्रिम गोडी देणाऱ्या गोळ्या आणि पावडरींनी गोडी येते, पण साखरेची बाकीची कामे उघडी पडतात. त्यातल्या अ‍ॅस्पार्टेमची तर उष्णतेने गोडीही जाते. अशा पावडरींवर केलेला केक बसका आणि फिका होतो, यात करणाऱ्याची चूक नसते.

स्निग्ध पदार्थ बदलताना पहिला प्रश्न पाण्याचा. विकतच्या लोण्यात सुमारे 80 टक्के स्निग्धांश असतो, बाकी मुख्यतः पाणी. तुपात आणि तेलात पाणी जवळजवळ नसतेच. म्हणून 100 ग्रॅम लोण्याऐवजी 80 ग्रॅम तूप आणि एक मोठा चमचा पाणी किंवा दूध हे प्रमाण बसते. बाजारातले पिवळे लोणी बहुधा खारे असते, ते वापरले तर कृतीतले मीठ वगळावे. दुसरा प्रश्न घट्टपणाचा. साखर आणि थिजलेले लोणी किंवा तूप एकत्र फेसले की त्यात हवेचे बारीक बुडबुडे अडकतात, आणि नानकटाईचा खुसखुशीतपणा याच हवेतून येतो. तेलात हवा थांबत नाही, शिवाय तेलाची नानकटाई ओव्हनमध्ये पसरते. चिरोट्यांच्या साट्यालाही फेसलेले घट्ट तूपच लागते. तेल पोळीत मुरून जाते आणि पदर एकमेकांना चिकटतात. केकच्या बाबतीत निर्णय उलटा आहे. साध्या, ओलसर केकमध्ये तेल लोण्यापेक्षा चांगले ठरते, कारण ते थंड झाले तरी थिजत नाही.

लोण्या-तुपाला स्वस्त पर्याय शोधण्याचा इतिहास जुना आहे. फ्रान्सच्या तिसऱ्या नेपोलियनने लोण्याच्या पर्यायासाठी बक्षीस लावले आणि 1869 मध्ये इपोलित मेज-मुरिए याने मार्गारिन बनवले. भारतात 1937 मध्ये डालडा आले आणि तुपाच्या जागी वनस्पती तूप घराघरांत, विशेषतः दिवाळीच्या फराळात, शिरले. ते घट्ट होते, खुसखुशीतपणा देत होते आणि स्वस्त होते. पण तेल घट्ट करण्याच्या त्या प्रक्रियेत तयार होणारी ट्रान्स स्निग्धाम्ले हृदयाला घातक असल्याचे पुढे स्पष्ट झाले. 2022 पासून भारतात खाद्यतेले आणि वनस्पतीमधले त्यांचे प्रमाण 2 टक्क्यांपर्यंत मर्यादित आहे. पदार्थ हुबेहूब जमला म्हणून पर्याय चांगला ठरतोच असे नाही, हे या उदाहरणातून दिसते.

पिठांमध्ये ग्लुटेन हा निर्णायक मुद्दा. मैद्याऐवजी कणीक घेता येते, पण तिच्यातला कोंडा पाणी जास्त पितो आणि ग्लुटेनचे धागे कापतो. त्यामुळे दर कपामागे एक-दोन मोठे चमचे दूध जास्त घालून मिश्रण पंधरा-वीस मिनिटे मुरू द्यावे. सुरुवातीला निम्मा मैदा आणि निम्मी कणीक हे प्रमाण सर्वांत भरवशाचे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ यांत ग्लुटेन नसते, त्यामुळे त्यांना बांधून ठेवायला दुसरे काही लागते. भाकरीने हा प्रश्न फार पूर्वी सोडवला आहे. पिठाची विरी गेली असेल तर ते उकळत्या पाण्यात भिजवतात, त्याने स्टार्च फुलून चिकट होतो आणि भाकरी थापता येते. नाचणीच्या केकमध्ये हेच काम अंडे, दही किंवा थोडा इसबगोल करतो.

फुगवणाऱ्या जिनसांत खायचा सोडा आणि बेकिंग पावडर यांची गल्लत सर्रास होते. सोड्याला वायू सोडण्यासाठी आम्ल लागते. बेकिंग पावडरमध्ये सोडा, कोरडे आम्ल आणि ओलावा शोषणारा स्टार्च आधीच एकत्र असतात. एक छोटा चमचा बेकिंग पावडरऐवजी पाव चमचा सोडा आणि अर्धा कप आंबट दही घालावे, आणि कृतीतला इतर द्रव तेवढाच कमी करावा. दह्याऐवजी एक मोठा चमचा लिंबाचा रसही चालतो. उलट दिशेने, एक चमचा सोड्याच्या जागी तीन चमचे बेकिंग पावडर लागते. सोडा जास्त झाला किंवा त्याला पुरेसे आम्ल मिळाले नाही, तर पदार्थाला साबणासारखी चव येते. हळद घातलेल्या ढोकळ्यावर लाल ठिपके दिसतात तेही त्यामुळेच, कारण अल्कलीत हळद लाल होते. फ्रूट सॉल्टमध्ये सोडा आणि सायट्रिक आम्ल दोन्ही असतात आणि पाणी लागताच ते फसफसते. म्हणून ते घातल्यावर मिश्रण क्षणभरही न ठेवता वाफेवर चढवावे. बंगळुरूच्या एमटीआर उपाहारगृहाच्या सांगण्यानुसार, दुसऱ्या महायुद्धात तांदळाची टंचाई पडली तेव्हा तिथे रव्याची इडली करून पाहिली गेली. त्या इडलीत तांदळाची जागा रव्याने आणि रात्रभराच्या आंबवण्याची जागा दही-सोड्याने घेतली. आज ती कुणाला पर्याय वाटत नाही, स्वतंत्र पदार्थ वाटते.

बेकिंगमध्ये सर्वांत अवघड बदल अंड्याचा. सोललेले अंडे साधारण 50 ग्रॅमचे, त्यात तीन चतुर्थांश पाणी आणि उरलेल्यात प्रामुख्याने प्रथिने व स्निग्धांश. ते मिश्रण बांधते, ओलावा देते, फेसल्यावर हवा धरते, तेल आणि पाणी एकजीव करते आणि उष्णतेने घट्ट होऊन केकचा सांगाडा उभा करते. ही सगळी कामे करणारा दुसरा एकही जिन्नस स्वयंपाकघरात नाही. म्हणून आधी कृतीतली अंडी मोजावीत. एक-दोन असतील तर बदल बिनधास्त करावा; पाच-सहा अंड्यांचा स्पंज असेल तर ती कृती सोडून मुळातच बिनअंड्याची कृती घ्यावी, हाच शहाणपणा.

कुकी किंवा पॅनकेकमध्ये अंड्याचे काम मुख्यतः बांधण्याचे असते. तिथे एक मोठा चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात दहा मिनिटे भिजवली की तिचा बुळबुळीत चीक तेच काम करतो. मफिनसारख्या ओलसर प्रकारात पाव कप दही किंवा कुस्करलेले केळे चालते, पण केळ्याचा वास लपत नाही. भारतात बिनअंड्याच्या केकला कंडेन्स्ड मिल्कने मोठा आधार दिला आहे. त्यातली दुधाची प्रथिने सांगाडा उभारायला मदत करतात आणि साखर ओलावा धरते. मात्र त्या साखरेचा हिशेब करून कृतीतली साखर कमी करावी लागते. फेसून हवा धरण्याचे काम अनेक वर्षे कुठल्याच शाकाहारी पर्यायाला नीट जमत नव्हते. 2014 मध्ये फ्रान्समधल्या जोएल रोसेल याने दाखवून दिले की कडधान्ये शिजवलेले पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखे फेसता येते. काबुली चणे शिजवून उरलेले दाट पाणी घ्यावे, पातळ असेल तर आटवावे. तीन मोठे चमचे म्हणजे एक अंडे.

अंड्याच्या पर्यायाचा सर्वांत यशस्वी जुना नमुना म्हणजे कस्टर्ड पावडर. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याच्या पत्नीला अंडी सोसत नसत, म्हणून त्याने 1837 मध्ये कॉर्नफ्लोअरवर आधारलेली पावडर बनवली. तिला यीस्टही चालत नसे, त्यातून 1843 मध्ये त्याची बेकिंग पावडर आली. भारतातल्या घरांत फ्रूट कस्टर्ड होते ते याच बिनअंड्याच्या वाटेने.

दुधाच्या पदार्थांचे पर्याय सोपे आहेत. परदेशी कृतीतले बटरमिल्क म्हणजे आपले पातळ ताक नव्हे. पाऊण कप दही आणि पाव कप पाणी घुसळले की ते जमते. सावर क्रीम किंवा क्रीम चीजच्या जागी चक्का चांगला बसतो. 25 टक्के स्निग्धांशाची साधी क्रीम फेसून घट्ट होत नाही, त्यासाठी 30 टक्क्यांच्या वर स्निग्धांश लागतो. परदेशातल्या मराठी घरांत हाच प्रवास उलट्या दिशेने होतो: तिथे श्रीखंडासाठी ग्रीक योगर्ट टांगतात आणि खव्याच्या जागी रिकोटा चीज व दुधाची पावडर आटवून पेढे करतात. ओल्या नारळाऐवजी डेसिकेटेड खोबरे घ्यायचे असेल तर ते आधी गरम दुधात भिजवावे, नाहीतर ते सारणातला सगळा ओलावा पिऊन टाकते.

अदलाबदल करताना कपाच्या मापावर फार विसंबू नये. एक कप साखर 200 ग्रॅम भरते, तोच कप पिठीसाखरेचा साधारण 120 ग्रॅम. जाड मिठाचा चमचा बारीक मिठाच्या चमच्यापेक्षा कमी खारट असतो. वजनकाटा असेल तर निम्म्या चुका आपोआप टळतात.

काही जागी बदल करूच नये. लोणच्यातले मीठ आणि वर तरंगणारे तेल, मुरांब्यातली साखर, ही चवीपेक्षा टिकण्यासाठी असतात. ती कमी केली तर पदार्थ फ्रिजमध्ये ठेवून लवकर संपवावा. गोड्या मसाल्याच्या जागी गरम मसाला घातल्यास भाजी चांगली होईल, पण दगडफूल आणि भाजलेल्या खोबऱ्याची ती चव येणार नाही. मधुमेह असलेल्यांसाठी गूळ आणि मध हे साखरेचे सुरक्षित पर्याय नाहीत, दोन्हींनी रक्तातली साखर वाढते. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध कुठल्याच पदार्थातून देऊ नये, त्याने बॉट्युलिझमचा धोका असतो. आणि ज्यांना ग्लुटेन वर्ज्य आहे त्यांच्यासाठी नुसता मैदा बदलून भागत नाही: रवा आणि शेवया गव्हाच्याच असतात, आणि बाजारातल्या बऱ्याच हिंगातही गव्हाचे पीठ मिसळलेले असते. अशा घरात डब्यावरची घटकांची यादी प्रत्येक वेळी वाचावी.